हीटसिंक बदलू की पेस्ट? आधी उष्णता कुठे अडली आहे ते पाहा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चार वर्षं वापरलेला लॅपटॉप, ४५ वॅटचा प्रोसेसर, व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की तापमान ९७-९८ अंशांवर जातं, पंखा पूर्ण वेगाने ओरडतो आणि तेच काम आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेतं. म्हणून मोठा तांब्याचा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा भाग) आणि पेस्टच्या जागी लिक्विड मेटल (द्रव धातू) घालायचा विचार आहे, तर कोणता हीटसिंक आणि कोणतं मटेरियल घ्यावं?

यातली खरी अडचण ९७ हा आकडा नाही. अनेक इंटेल लॅपटॉप प्रोसेसर १०० अंशांपर्यंत आणि अनेक एएमडी ९५ अंशांपर्यंत चालायलाच बनवलेले असतात आणि तिथे पोहोचले की स्वतःचा वेग कमी करून स्वतःला सांभाळतात. तुमची अडचण ही आहे की त्याच तापमानाला प्रोसेसर आता पूर्वीइतके वॅट खाऊ शकत नाही. म्हणजे नवा असताना जेवढी उष्णता बाहेर फेकली जायची तेवढी आता फेकली जात नाही. ती वाटेत कुठेतरी अडते आहे. ती जागा सापडेपर्यंत काहीही विकत घेऊ नका, कारण एका ठिकाणची अडचण दुसऱ्या ठिकाणी कितीही खर्च केला तरी सुटत नाही.

उष्णतेची वाट अशी आहे. प्रोसेसरची डाय, म्हणजे सिलिकॉनचा तो चकचकीत चौकोन. त्यावर उष्णता पुढे नेणाऱ्या पेस्टचा थर. त्यावर तांब्याची प्लेट. प्लेटला डाखलेली हीटपाइप. हीटपाइपच्या टोकाला पातळ फिन, म्हणजे धातूच्या पापुद्र्यांची रांग. आणि फिनमधून जाणारी हवा. प्रत्येक टप्पा थोडा थोडा अडथळा करतो आणि हे अडथळे एकापुढे एक बेरजेने येतात. सगळ्यात मोठा अडथळा जिथे असेल तिथे हात घातला तरच फरक दिसतो.

तो शोधायला लॅपटॉप उघडायचीही गरज नसते. एचडब्ल्यूइन्फोसारखं तापमान दाखवणारं एखादं सॉफ्टवेअर चालू करा, मशीन दहा मिनिटं नुसतं बसू द्या, मग सिनेबेंचसारख्या चाचणी प्रोग्रामने पूर्ण भार एकदम द्या आणि तापमान कसं चढतं ते बघा. किती चढतं यापेक्षा किती वेळात चढतं हे जास्त बोलकं असतं. एक-दोन सेकंदांत ५० वरून थेट ९५ वर उडी मारली, तर डाय आणि तांब्याच्या मधला सांधा बिघडला आहे. कारण एवढ्या थोड्या वेळात हीटसिंकचं धातूचं वजन तापूच शकत नाही. उष्णता तिथपर्यंत पोहोचतच नाहीये. उलट आधी ७५-८० वर थांबून पाच-दहा मिनिटांत हळूहळू ९५ कडे सरकलं, तर सांधा ठीक आहे आणि फिन किंवा हवा कमी पडते आहे.

याच वेळी हात लावूनही तपासा. पंख्याच्या जाळीतून येणारी हवा जोरात आणि चांगली गरम असेल, तर हीटसिंक आपलं काम करतो आहे आणि त्याची क्षमताच संपली आहे. हवा गरम पण मरगळलेली असेल तर धूळ किंवा दमलेला पंखा. आणि प्रोसेसर ९५ वर असताना हवा जोरात आणि चक्क कोमट येत असेल, तर उष्णता फिनपर्यंत येतच नाही: पेस्ट गेली आहे, स्क्रू सैल आहेत किंवा क्वचित हीटपाइप मेली आहे. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कोअरचं, म्हणजे प्रोसेसरच्या आत काम करणाऱ्या प्रत्येक भागाचं, तापमान वेगळं दिसतं, तेही बघा. सगळ्या कोअरांवर सारखा भार असताना एक कोअर दुसऱ्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी गरम असेल, तर प्लेट एका बाजूला नीट टेकलेली नाही.

चार वर्षं न उघडलेल्या मशीनमध्ये माझ्या अनुभवात दोन गोष्टी जवळजवळ नेहमी सापडतात: फिनच्या तोंडाशी धूळ आणि डायवर मेलेली पेस्ट. म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

धूळ बाहेरून दिसत नाही. जाळीतून बघितलं तर फिन स्वच्छ वाटतात, कारण तुम्ही बाहेरची बाजू बघत असता. धूळ बसते आतल्या बाजूला, पंखा आणि फिन यांच्या मधल्या फटीत. पंख्याचं झाकण काढलं की तिथे फ्लॅनेलच्या चिंधीसारखा राखाडी थर निघतो, बऱ्याचदा अख्खा एका तुकड्यात. बाहेरून हवेचा झोत मारला तर तो थर आत ढकलला जातो, पंख्याच्या पात्यांत अडकतो किंवा परत जागच्या जागी येऊन बसतो. म्हणून झाकण काढून चिमट्याने उचलायचा आणि उरलेलं ब्रशने झाडायचं. झोत मारायचाच असेल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेने पंखा गरगर फिरला की बेअरिंगवर ताण येतो आणि मोटर उलटी वीज तयार करून बोर्डात पाठवू शकते.

हवेचा हिशेब एकदा डोक्यात बसला की पुष्कळ गोष्टी सुटतात. ६० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि हवा आत येताना जेवढी होती त्यापेक्षा बाहेर जाताना २० अंशांनी गरम होऊ द्यायची, तर सेकंदाला साधारण अडीच लिटर हवा लागते. धुळीने हाच प्रवाह निम्मा केला तर तीच हवा ४० अंशांनी तापून निघेल, म्हणजे बाहेर पडण्याच्या टोकाशी फिनना वीस अंश जास्त गरम व्हावं लागेल आणि मागे प्रोसेसरलाही त्या बाजूने ओझं येईल. ही वाढ कोणतीही पेस्ट भरून काढू शकत नाही. खोलीचं तापमानही असंच जवळपास जसंच्या तसं पुढे जातं: खोली दहा अंशांनी तापली की तेवढ्याच भाराला चिपही साधारण दहा अंशांनी तापते. म्हणून आधीची आणि नंतरची तुलना करताना खोलीचं तापमान लिहून ठेवा, नाहीतर पहाटेचं माप आणि दुपारचं माप यांची तुलना करून खोटा आनंद होईल.

आता पेस्ट. पेस्टचं काम फक्त सिलिकॉन आणि तांबं यांच्या मधली हवा हाकलण्याचं. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, हवेची ०.०२६. चांगली पेस्ट आठ-दहाच्या आसपास, म्हणजे हवेच्या कितीतरी पट बरी, पण तांब्याच्या जवळपासही नाही. त्यामुळे पेस्टचा थर जितका पातळ तितका चांगला.

डाय १५० चौरस मिलिमीटरची धरू, भार ४५ वॅट. ०.०५ मिलिमीटर जाडीचा आणि ५ वाहकतेचा थर असेल तर त्या थरात ३ अंशांचा फरक पडतो. वाहकता १० केली तर दीड अंश. म्हणजे महागड्या आणि साध्या नव्या पेस्टमधला फरक या हिशेबात दीड अंश. आता तोच थर सुकून, फाटून ०.१ मिलिमीटरचा आणि प्रत्यक्षात दीड वाहकतेचा झाला असेल तर? २० अंश. हा हिशेब डाय सगळीकडे सारखी तापते असं धरतो. प्रत्यक्षात उष्णता काही कोअरांच्या लहानशा भागातून येते, म्हणून खरे आकडे याच्या काही पट असू शकतात. पण प्रमाण तेच राहतं. जुनी मेलेली पेस्ट काढून कोणतीही बरी पेस्ट लावणं ही मोठी उडी असते, आणि बऱ्या पेस्टवरून सर्वोत्तम पेस्टवर जाणं ही लहान पायरी.

लॅपटॉपमध्ये पेस्ट मरते तीही डेस्कटॉपपेक्षा लवकर. डेस्कटॉपच्या बहुतेक प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं. लॅपटॉपमध्ये डाय उघडी असते आणि पातळ प्लेट थेट तिच्यावर दाबलेली असते. गरम झालं की दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, थोडे वाकतात, थंड झालं की परत येतात. प्रत्येक फेरीत पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते. याला पंप-आउट म्हणतात. हीटसिंक उचलल्यावर प्लेटवरचा ठसा नीट वाचा. मधोमध नुसतं तांबं किंवा डायचा आरसा दिसतो आहे आणि चारी बाजूंना पेस्टचा सुकलेला बांध आहे, तर पंप-आउट झालं आहे. एकाच कोपऱ्यात जाड थर आणि समोरच्या कोपऱ्यात अगदी पुसट, तर स्क्रूंचा दाब सारखा नव्हता किंवा प्लेट तिरकी बसली होती. पूर्ण चौकोनभर पातळ, एकसारखा, अजून ओलसर थर आहे, तर पेस्टचा काही दोष नाही आणि तुम्हाला दुसरीकडे बघायचं आहे. पुसून टाकण्याआधी या ठशाचा फोटो काढून ठेवा.

याच कारणामुळे लॅपटॉपसाठी पेस्ट निवडताना मी डब्यावरचा वाहकतेचा आकडा दुय्यम मानतो. पातळ, लोण्यासारखी पसरणारी पेस्ट पहिल्या दिवशी उत्तम आकडे देते आणि काही महिन्यांत कडेला जाऊन बसते. घट्ट, चिकट, पसरायला जड जाणारी पेस्ट एखादा अंश मागे असते, पण जागेवर राहते. आणि सध्या उघड्या डायसाठी मी सगळ्यात आधी सुचवतो ते फेज-चेंज मटेरियल, म्हणजे तापलं की मऊ होणारं मटेरियल, हनीवेलचं पीटीएम७९५० हे त्यातलं प्रसिद्ध. ते पातळ चकतीच्या रूपात येतं, खोलीच्या तापमानाला घट्ट असतं आणि साधारण ४५ अंशांच्या वर मऊ होऊन फटी भरतं. त्याची जाहीर वाहकता ८.५ आहे, म्हणजे कागदावर काही भारी पेस्टपेक्षा कमी. पण दाबाखाली थर फार पातळ होतो आणि पंप-आउटला ते दाद देत नाही, म्हणून वर्षभरानंतरच्या तुलनेत तेच पुढे असतं. लावताना चकती थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, मग संरक्षक फिल्म न फाटता निघते. पहिल्या दिवशीचे आकडे बघून निराश होऊ नका. काही वेळा गरम-थंड झाल्यावर ते बसतं आणि तापमान आणखी थोडं उतरतं.

लिक्विड मेटलबद्दल तुम्ही खास विचारलं आहे. ते गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचं मिश्रण असतं, खोलीच्या तापमानाला द्रव. वाहकता कोणत्याही पेस्टच्या कितीतरी पुढे आहे यात शंका नाही. सोनीने २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये ते कारखान्यातूनच वापरलं आणि काही गेमिंग लॅपटॉपमध्येही ते कारखान्यातून येतं. पण तिथे डायभोवती ते अडवणारी चौकट असते, प्लेटवर निकेलचा मुलामा असतो आणि प्रमाण यंत्राने मोजून लावलेलं असतं. तुमच्या मशीनमध्ये यातलं काहीच नाही. हा द्रव वीजवाहक आहे आणि डायच्या शेजारीच बारीक कपॅसिटरांची रांग असते. लॅपटॉप तुम्ही उभा बॅगेत टाकता, आपटता, हलवता. एक थेंब सरकला तर बोर्ड जातो. ॲल्युमिनियमला तर गॅलियम अक्षरशः पोखरतं. तो धातू बोटाने चुरडण्याइतका ठिसूळ होतो. मुलामा नसलेल्या तांब्यात ते हळूहळू शोषलं जातं आणि थर कोरडा पडतो. ज्यांचा प्रोसेसर शंभरच्या आसपास वॅट खातो, मशीन टेबलावरून हलत नाही आणि दर काही महिन्यांनी उघडून बघायची तयारी आहे, त्यांच्यासाठी तो विचार करण्याजोगा पर्याय आहे. ४५ वॅटच्या, रोज प्रवास करणाऱ्या लॅपटॉपसाठी मी तो लावत नाही.

आता हीटसिंक. लॅपटॉपमध्ये "मोठा हीटसिंक घेऊन बसवणं" ही गोष्ट बहुधा शक्यच नसते, कारण हीटसिंक त्या बोर्डाच्या स्क्रूंच्या जागा, चिपांची उंची आणि आतली रिकामी जागा यांना धरून बनवलेला असतो. एकच वाट खरी आहे: त्याच मॉडेलची स्वतंत्र ग्राफिक्स चिपची (जीपीयूची) आवृत्ती असेल तर तिचा हीटसिंक. थिंकपॅड टी४४०पी आणि टी४८० यांच्या बाबतीत हे पुष्कळांनी केलं आहे. स्वतंत्र जीपीयूच्या आवृत्तीचा दोन हीटपाइपांचा हीटसिंक साध्या आवृत्तीत बसतो, आणि जीपीयू नसल्यामुळे त्याची सगळी क्षमता प्रोसेसरला मिळते. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल काढून दोन्ही आवृत्त्यांचे पार्ट नंबर आणि स्क्रूंच्या जागा पडताळा. मात्र तुमच्या मशीनमध्ये आधीच स्वतंत्र जीपीयू असेल, तर बहुधा त्या मॉडेलमधला सर्वांत मोठा हीटसिंक तुमच्याकडेच आहे.

हीटपाइपवर छोटे तांब्याचे फिनवाले तुकडे चिकटवण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. हीटपाइप ही भरीव तांब्याची कांब नसते. आत निर्वात पोकळी, भिंतीला सच्छिद्र थर आणि थोडंसं पाणी असतं. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, थंड टोकाला ती निवते आणि पाणी त्या सच्छिद्र थरातून परत येतं. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या भरीव तांब्याच्या अनेक पट उष्णता ती वाहते. तुमच्या मशीनमध्ये उष्णता फिनपर्यंत नेण्याचं काम ती आधीच व्यवस्थित करत असते. कमतरता असते ती फिनवरून हवेत सोडण्याची. चिकटवलेल्या तुकड्यांभोवती हवा वाहतच नसेल तर ते फक्त काही मिनिटं उशिरा तापतात आणि मग तेवढेच गरम होऊन बसतात. शिवाय खालचं झाकण त्यांच्यावर टेकलं तर दाब पडून पाइप चेमटू शकते. वाकवणं, ठोकणं, प्लेटला पॉलिश पेपर मारणं हेही टाळा. ती प्लेट फार पातळ असते.

मागच्या झाकणाला थर्मल पॅडने (उष्णता नेणाऱ्या मऊ पट्टीने) हीटसिंक जोडणं ही युक्ती मात्र काम करते, विशेषतः पंखा नसलेल्या मशीनमध्ये. एम१ च्या मॅकबुक एअरवर ती खूप गाजली आणि लांब चालणाऱ्या कामात तिथे वेग खरोखर टिकतो. पण ती उष्णता आता तुमच्या मांडीवर येते, आणि झाकणाच्या शेजारी बॅटरी असेल तर तिच्यावरही. लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. झाकण धातूचं असेल, मशीन टेबलावरच वापरलं जात असेल आणि पॅडच्या खाली बॅटरी येत नसेल तरच हे करा. प्लास्टिकच्या झाकणाला याचा काही उपयोग नाही.

पॅडचा विषय निघालाच आहे तर एक धोका स्पष्ट सांगतो, कारण घरी केलेल्या कामांत बिघाडाचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसतं. ग्राफिक्स मेमरी आणि व्हीआरएमवर (चिपना वीज पुरवणाऱ्या भागांवर) जे मऊ पॅड असतात त्यांची जाडी अर्धा, एक, दीड मिलिमीटर अशी ठरलेली असते. फाटलेल्या पॅडच्या जागी अंदाजाने जाड पॅड घातला की हीटसिंक डायवरून केसभर उचलला जातो, आणि सर्वोत्तम पेस्ट लावूनही तापमान आधीपेक्षा वाईट येतं. पॅड धड असतील तर हात लावू नका. बदलायचेच असतील तर जाडी मॅन्युअलमधून घ्या किंवा दाब न पडलेल्या कडेवर मोजा, आणि खात्री नसेल तर थर्मल पुट्टी (कणकेसारखा मऊ, उष्णता नेणारा लगदा) वापरा. ती दाबली जाते तेवढीच उरते.

प्रत्यक्ष काम करताना क्रम असा ठेवा. मशीन थोडा वेळ चालवून कोमट करा म्हणजे पेस्ट सैल होते, मग पूर्ण बंद करून खालचं झाकण काढा आणि सगळ्यात आधी बॅटरीची केबल सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, ते काम आधी. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडताना उलट क्रमाने, कसताना सुलट, आणि दोन्ही वेळा थोडं थोडं करत सगळीकडे फिरून. एक स्क्रू पूर्ण कसून मग दुसऱ्याकडे गेलात तर उघड्या डायचा कोपरा उडू शकतो. साफसफाईला ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणाऱ्या धाग्यांचं कापड. पेस्ट लावत असाल तर डायचा प्रत्येक कोपरा झाकला जाईल अशी पातळ पसरवा. मधोमध थेंब ठेवून दाबण्याची डेस्कटॉपची पद्धत इथे लांबट डायचे कोपरे कोरडे ठेवते.

आणि एक उपाय जो हत्याराशिवाय होतो: वॅट कमी करणं. प्रोसेसरचा खर्च वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात जातो. वेग १४ टक्के आणि त्याबरोबर व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर खर्च जवळपास ३० टक्क्यांनी उतरतो. म्हणजे टर्बोची (प्रोसेसर आपोआप वाढवतो त्या वेगाची) वरची टोकं छाटली तर लांबच्या एक्सपोर्टमध्ये वेळ फारसा वाढत नाही आणि पंखा शांत होतो. नुसतं व्होल्टेज कमी करण्याची सोय २०१९ मध्ये उघड झालेल्या प्लंडरव्होल्ट या सुरक्षा त्रुटीनंतर बऱ्याच इंटेल लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद केली गेली, तेव्हा तुमच्याकडे ती नसेल तर पॉवर लिमिटने, म्हणजे प्रोसेसरने किती वॅट खावेत याच्या मर्यादेने, काम भागवा. लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवणंही लगेच करून बघा. खालून हवा घेणाऱ्या मशीनमध्ये कूलिंग पॅडचा बराचसा फायदा त्या उंचीचाच असतो.

तुमच्या जागी मी धूळ काढेन, पीटीएम किंवा घट्ट पेस्ट लावेन, पॅडना हात लावणार नाही आणि लिक्विड मेटल विकत घेणार नाही. झाल्यावर तीच चाचणी, त्याच खोलीत, पुन्हा घ्या, आणि तापमान बघू नका. दहाव्या मिनिटाला प्रोसेसर किती वॅट खातो आहे ते बघा. तापमान पुन्हा ९५ दिसू शकतं, कारण जागा मिळाली की प्रोसेसर वेग वाढवून ती भरतो. आधी ३० वॅटवर अडकलेला तो आता ४५ वर टिकत असेल तर काम झालं. सुरुवातीची उडी गेली पण दहा मिनिटांनी वॅट अजूनही ढासळत असतील, तर पुढचा खर्च पंख्यावर करा. चार वर्षांनी बेअरिंग घासून त्याचे फेरे कमी झालेले असतात. सॉफ्टवेअरमध्ये आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, दिसतो, तो त्या मॉडेलच्या नव्या पंख्याशी ताडून बघा आणि भारावरचे वॅट व आरपीएम दोन्ही इथे लिहा.